एका नंबरची दोन मशीनं

अक्का,

तुझं तेरावं होऊन आज सहा दिवस झाले. पाहुणे आपापल्या गावी गेले. दाजी ओसरीवर पेपर उघडा धरून बसतात, पण पान काही उलटत नाहीत. मला जळगावला परतायला हवं, दुकानाचं शटर कधीपासून खाली आहे. रोज सकाळी 'उद्या निघतो' म्हणतो आणि तुझ्या लॅबमध्ये येऊन बसतो. स्पिरिटचा वास अजून गेलेला नाही.

भेटायला आलेले लोक तुझ्याबद्दल खूप बोलले. सुई टोचली तरी कळायचं नाही, असा हात होता म्हणाले. वाईट रिपोर्ट असला की तू आधी माणसाला खुर्चीवर बसवायचीस, मग कागद द्यायचीस, हेही कोणी कोणी सांगितलं. मी मान हलवत राहिलो. मग तुझी ती नर्सिंगच्या शाळेतली मैत्रीण माझ्याकडं वळून म्हणाली, "बापू, तिच्या कामात तुमचाही वाटा होता हो. ते मशीन तुम्हीच तर बसवून दिलं." मी पाणी आणायच्या निमित्तानं आत गेलो आणि ती जाईपर्यंत बाहेर आलो नाही.

आपलं एक भांडण अर्धं राहिलंय, अक्का. आणि एक गोष्ट मी तुला कधी सांगितलीच नाही. ती सांगायला मागची तीन वर्षं होती, तुझ्या आजारपणाचे दोन महिने होते, दवाखान्यात तुझ्या उशाशी बसलो होतो त्या सगळ्या दुपारी होत्या. तू डोळे मिटून पडलेली असायचीस आणि मी मोसंबी सोलत बसायचो.

मी जळगावात कॉम्प्युटरचं दुकान काढलं तेव्हा आपल्या घरात त्याचा अर्थ फक्त तुला कळला होता. आबा म्हणायचे, टीव्हीसारखं काहीतरी विकतो. तू मात्र पहिल्याच महिन्यात धुळ्याहून एसटीनं आलीस, दुकानातल्या स्टुलावर बसलीस आणि म्हणालीस, "मला एवढंच सांग, यात एकदा लिहिलेलं नाव पाच वर्षांनी सापडतं का?" मी म्हटलं, सापडतं. "आणि आडनाव विसरलं आणि फक्त गाव आठवलं तर?" म्हटलं, तरी सापडतं. तू मग पिशवीतून तुझी नावांची जाडजूड वही काढलीस.

शिरपूरच्या पलीकडं, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून लोक तुझ्याकडं रक्त तपासायला यायचे. त्याच त्याच घरांतली माणसं, तीच सांधेदुखी, तेच पिवळट डोळे. काचपट्टीवर तुला रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकलेल्या दिसायच्या. सिकल सेल हे नाव तेव्हा तालुक्याच्या बऱ्याच डॉक्टरांनाही सवयीचं नव्हतं. तू मला समजावलंस तसं मी आजही लोकांना सांगतो: ज्याच्या अंगात हा दोष अर्धा असतो तो वाहक. त्याला स्वतःला काही होत नाही, तो शेतात राबतो, नाचतो, म्हातारा होतो. पण वाहकानं वाहकाशी लग्न केलं तर त्यांच्या प्रत्येक मुलामागं चारात एक भीती. म्हणून तू नावं लिहायला लागलीस. कोण वाहक, कोण नाही. लग्न जमवायच्या आधी कोणी विचारलं तर सांगता यावं, एवढ्यासाठी.

त्या पाड्यांवरून फिरायची ती जमनाबाई. पावरा आदिवासी बाई, उंच, पायात कायम प्लास्टिकची चप्पल, खांद्याला तू दिलेली कापडी पिशवी. आश्रमशाळेत तपासणी ठेवायची तर ती मुलांना रांगेत उभं करायची. लग्नाची बोलणी कुठं चाललीत हे तिला सगळ्यांच्या आधी कळायचं आणि मग ती तुझ्याकडं यायची, नावं विचारायला.

तुझा पहिला नियम होता की हे रजिस्टर घराबाहेर जायचं नाही. तू चिडलीस किंवा मनापासून बोललीस की आपल्या गावची अहिराणी तुझ्या तोंडात यायची. "हाई लोकस्नं रगत शे, बापू," तू म्हणाली होतीस. "हाई बाहेर नही जावाले पाहिजे." मी हो म्हटलं होतं.

तुझ्याकडं तीन कॉम्प्युटर झाले. एक लॅबमध्ये, एक बाहेर नावं लिहून घ्यायला, एक आतल्या खोलीत तुझ्या टेबलावर. तिन्हींची माहिती एकाच जागी राहावी म्हणून चौथं मशीन जिन्याखाली ठेवलं. तो सर्व्हर. काळी वायर भिंतीच्या कडेनं देवघरावरून नेली, तेव्हा दाजी म्हणाले होते, "देवालाही जोडून टाका." त्या सर्व्हरसाठी वेगळं सॉफ्टवेअर लागायचं. ते खोक्यात यायचं, फ्लॉप्यांचा गठ्ठा आणि त्यासोबत एक छापील कार्ड. कार्डावर नंबर. आपण म्हणतो विकत घेतलं, पण कंपनी ते विकत नाही, वापरायचा परवाना देते. एका नंबरवर एक मशीन, त्यावर एका वेळी पाच माणसं. कार्डामागं बारीक अक्षरांत लिहिलेलं असायचं. मी ते तेव्हा वाचलेलं नव्हतं.

मी ते तुला भाऊबीजेला दिलं. तू पाटावर बसवून मला ओवाळलंस आणि मी ताटात पैशाच्या पाकिटाऐवजी त्यातली पहिली फ्लॉपी ठेवली. तू हसलीस. मग लगेच विचारलंस, "याचा कागद?"

"मूळ कार्ड माझ्या फाइलीत ठेवलंय," मी म्हटलं. "इथं हरवेल."

तू मान हलवलीस. तुझा भाऊ होतो मी.

कार्ड माझ्या फाइलीत नव्हतं, अक्का. ते सावद्याला होतं, एका केळीच्या व्यापाऱ्याच्या कपाटात. खोकं त्याच्यासाठी आणलं होतं, त्याच्या नावानं कंपनीत नोंदवलं होतं. त्याच फ्लॉप्या मी तुझ्या मशीनवर चढवल्या. आणखी दोन ठिकाणीही चढवल्या होत्या. जळगावात तेव्हा जवळपास सगळं असंच चालायचं आणि मला त्यात चोरी दिसत नव्हती. तुझ्याकडून मी त्याचं काही घेतलं नव्हतं, म्हणून तर मुळीच दिसली नाही. उलट मी बहिणीला मोठी ओवाळणी घातली असं मला वाटत होतं. परतीच्या एसटीत पारोळ्यापर्यंत मी खुशीत होतो, हे मला नीट आठवतं.

दोन वर्षं सगळं छान चाललं. मग सर्व्हरची डिस्क भरत आली. मी मोठी डिस्क आणली तर जुनं सॉफ्टवेअर तिला ओळखेचना. त्याला एवढी मोठी जागा मोजताच येत नव्हती. नवी आवृत्ती हवी होती. कंपनीचा नियम असा होता की ज्याच्याकडं जुना परवाना आहे त्यानं फॉर्मवर आपला नंबर लिहून पाठवायचा, मग त्याला नवी आवृत्ती सवलतीत मिळते. पण एका नंबरला एकदाच. आणि नवी घेतली की जुनी बंद करायची, ती कुठंच चालवायची नाही.

सावद्याच्या व्यापाऱ्याला मी त्याच उन्हाळ्याच्या तोंडाशी नवी आवृत्ती मागवून दिली होती. तुला 'बघतो, बघतो' म्हणत होतो. माझ्या डोक्यात साधा हिशेब होता: त्याच्या नव्या फ्लॉप्या सवड मिळाली की धुळ्याला न्यायच्या. पण केळीचा हंगाम होता, सावदा-रावेरकडचं काम संपत नव्हतं. तू वाट बघून कंटाळलीस. मशीन सुरू होताना पडद्यावर जो नंबर यायचा तो तू उतरून घेतलास, माहितीपत्रकातला फॉर्म कापलास, स्वतः भरलास आणि मुंबईच्या विक्रेत्याला पोस्टानं पाठवलास. पत्ता, नाव, सही, सगळं व्यवस्थित. तुझं सगळंच व्यवस्थित असायचं.

उत्तर आलं त्या दिवशी तू दुकानात फोन केलास. "बापू, उद्या ये," एवढंच म्हणालीस. आवाजावरून मला काहीच कळलं नाही.

मी आलो तेव्हा तू लॅबमध्ये होतीस. एका म्हाताऱ्याच्या दंडाला पट्टा बांधत होतीस. मला बसायला सांगितलंस. त्याचं रक्त घेतलंस, कापूस दिलास, दाराशी जाऊन त्याला रिक्षा करून दिलीस. मग हात धुतलेस. मग पत्र माझ्यासमोर ठेवलंस.

पत्रात तीनच ओळी होत्या. हा नंबर सावद्याच्या अमुक फर्मच्या नावावर आहे. त्यावर नवी आवृत्ती यापूर्वीच देण्यात आली आहे. आपल्याकडं हे सॉफ्टवेअर कसं आलं ते कळवावं.

"हाई काय शे?" तू विचारलंस.

मी म्हटलं, "अक्का, सगळे असंच करतात."

"मी सगळ्यांचं विचारत नाही. तू मला सांगितलंस, कार्ड तुझ्या फाइलीत आहे."

"तुझ्या चांगल्यासाठीच ना. तू समाजाचं काम करतेस. त्या कंपनीला तुझ्या एका परवान्यानं काय फरक पडतो? मी उद्या नव्या फ्लॉप्या आणतो, अर्ध्या तासाचं काम आहे. पत्राला उत्तरच देऊ नको."

"बापू, मी रोज रिपोर्टवर सही करते. लोक माझी सही बघतात, रक्त बघत नाहीत. त्यांना रक्तातलं कळत नाही. मी म्हणते हे खरं आहे, म्हणून ते खरं मानतात." मग तुझा आवाज खाली गेला. "तू माले खोटं काब्र सांगं, का म्हणून? नाही जमत म्हणाला असतास. मी वहीवर काम केलं असतं."

मला तेव्हा तुझा राग आला. आज लिहिताना लाज वाटते, पण आला. वाटलं, मी एवढं केलं आणि ही मला एका कागदासाठी उभं करतेय. मी म्हटलं, "वहीवर तुला काय जमलं असतं ते दिसलंय."

तू उठलीस, जिन्याखाली गेलीस आणि मशीन बंद केलंस. पंख्याचा आवाज थांबला. त्या घरात तो आवाज दोन वर्षं सतत होता, तो थांबल्यावर एकदम रस्त्यावरचं सगळं ऐकू यायला लागलं.

त्याच दिवशी तू विक्रेत्याला पत्र लिहिलंस. भावाचं नाव त्यात घातलं नाहीस. 'माझ्याकडून चूक झाली आहे, मी हे वापरणं आजपासून बंद केलं आहे, मला माझ्या नावाचा नवा परवाना हवा आहे.' मी म्हटलं, निदान बंद करायच्या आधी सगळी यादी छापून घेऊ. तू म्हणालीस, "मी लिहून दिलंय, आजपासून बंद. परवाना येऊ दे, मग छाप हवं तेवढं."

परवाना यायला किती दिवस लागतील असं वाटलं होतं? आठ-दहा. लागले सात आठवडे. आधी त्यांनी कळवलं की जुनी आवृत्ती आता विकत नाहीत. मग नव्या आवृत्तीला तुझ्या मशीनची मेमरी पुरेना, ती मागवावी लागली. मग पाच माणसांचा परवाना त्यांच्याकडं शिल्लक नव्हता, दहाचा घ्या म्हणाले. तू पुन्हा वही काढलीस. मागच्या दिवाळीपर्यंतची यादी छापलेली होती, तिच्या पुढचं सगळं मशीनमध्ये अडकलेलं. मी दर आठवड्याला येऊन जायचो. आपण जेवायचो, आबांच्या गुडघ्यांबद्दल बोलायचो, परवान्याचं काही आलं का एवढं विचारायचो. भांडण पानात वाढलेलं असायचं आणि दोघंही त्याला हात लावत नव्हतो.

त्यातल्याच एका दुपारी जमनाबाई आली. चैत्र सरत आला होता. तिनं पाणी पिऊन लगेच विषय काढला. "अक्का, रायसिंगचं लगीन ठरतंय. गीताशी. बघून सांग."

तू छापील यादी उघडलीस. रायसिंग सापडला. वाहक. गीता सापडेना. मग तुला आठवलं, आश्रमशाळेत हिवाळ्यात तपासणी झाली होती, त्यात ती असणार. म्हणजे तिची नोंद मशीनमध्ये.

"मग मशीनमध्ये बघ ना," जमनाबाई म्हणाली.

तू माझ्याकडं बघितलंस. मी जिन्याखाली जाऊन उभा राहिलो. बटणावर बोट ठेवलं होतं. मी म्हटलं, "अक्का, पाच मिनिटं. नाव बघू आणि बंद करू. कोणाला कळणार आहे?"

तू म्हणालीस, "हात काढ."

मग तू जमनाबाईला म्हणालीस, "मशीन बंद आहे, बाई. मुलीला आण. मी त्याच दिवशी तपासून देते, थांबून घेऊन जा."

"मुलगी गुजरातला गेलीय, ऊसतोडीला. लगनाच्या आधी येईल."

"आली की लगेच आण. तोवर लग्न पुढं ढकला म्हणावं."

जमनाबाईनं आपल्या दोघांकडं पाहिलं. तिला काहीतरी खुपलं होतं, पण तिनं विचारलं नाही. पिशवी उचलून गेली.

गीताचं घर ऊसतोडीहून परतलं ते लग्नाच्या तीन दिवस आधी. तेव्हा कोण कोणाला धुळ्याला पाठवतं. मांडव पडला होता. लग्न लागलं. तुझा परवाना त्यानंतर आठ-नऊ दिवसांनी आला, खोक्यात, कार्डासकट, तुझ्या नावानं. मी सगळं बसवून दिलं, जुनी माहिती नव्यात ओतली आणि एसटी पकडली. जळगावला पोचून दुकान उघडतोय तोच फोन वाजला.

"बापू, होती," तू म्हणालीस. "गीता होती. वाहक आहे."

मी काय बोललो आठवत नाही. तू बराच वेळ फोन ठेवला नाहीस.

आता ते सांगतो जे तुला सांगितलं नाही.

त्या सात आठवड्यांत गीताचं नाव माझ्याकडं होतं. तुझ्या मशीनचं सगळं मी दर दोन-तीन महिन्यांनी टेपवर उतरवून जळगावला नेत असे. मशीन जळलं, बिघडलं तर तुझं काम बुडू नये म्हणून. तुला सांगितलं नव्हतं, कारण तू नाही म्हणाली असतीस. लोकांचं रगत घराबाहेर न्यायचं नाही, हा तुझा नियम होता. होळीच्या आधी उतरवलेली टेप माझ्या दुकानातल्या लोखंडी कपाटात होती, हिवाळ्यातल्या तपासणीसकट. माझ्याकडं तसंच मशीन होतं, त्यावर तेच सॉफ्टवेअर, तोच नंबर. दहा मिनिटांचं काम होतं.

ज्या दिवशी जमनाबाई येऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ती टेप कपाटातून काढली. हातात धरली. मग विचार केला, नाव सापडलं तर अक्काला काय सांगू? कुठून कळलं म्हणू? म्हणजे एका चोरीत सापडलोय तोवर दुसरी कबूल करायची. खोटं बोलून सांगता आलं असतं, जमनाबाईला परस्पर निरोपही देता आला असता, हे मला तेव्हाही सुचलं होतं. पण आतून आणखी एक आवाज होता, आणि तो मी आजवर स्वतःलाही मोठ्यानं ऐकवला नव्हता. तो म्हणत होता, 'हात काढ' म्हणालीस ना, मग बघ आता. तुझा कागद मोठा की माझं मशीन, बघ.

मी टेप परत ठेवली. मुलगी येईल, रक्त तपासलं जाईल, असं स्वतःला सांगितलं. कदाचित तसं झालंही असतं. झालं नाही.

पुढच्या वर्षी गीताला मुलगा झाला. दहाव्या महिन्यात त्याचे हातपाय सुजले, तो रात्रंदिवस रडायला लागला, तेव्हा जमनाबाई त्याला घेऊन तुझ्याकडं आली. तू काचपट्टी बघितलीस आणि मला फोन न करता पत्र लिहिलंस. तुझं ते एकमेव पत्र माझ्याकडं आहे. त्यात लिहिलं होतंस, 'मशीन मी बंद ठेवलं. ते माझं आहे. तू ते मनाला लावून घेऊ नको.'

अक्का, मी तो कागद हातात घेऊन दुकानात उभा होतो आणि मला सुटल्यासारखं वाटलं. वाईट वाटायच्या आधी सुटल्यासारखं वाटलं. तू सगळं स्वतःवर घेतलंस आणि मी घेऊ दिलं.

दिनेश नाव ठेवलं त्यांनी. तू दर महिन्याला त्याला बघायचीस, गोळ्या द्यायचीस, पाणी पाजत राहा म्हणून गीताला पुन्हा पुन्हा सांगायचीस. थंडीत त्याचे सांधे धरले की दवाखान्यात भरती करायला स्वतः जायचीस. एकदा मी आलो होतो तेव्हा तो तुझ्या मांडीवर बसून स्टेथोस्कोपची नळी चावत होता. तू माझ्याकडं न बघता म्हणालीस, "त्या दिवशी मी पाच मिनिटं चालू केलं असतं तर काय झालं असतं रे?" मला वाटलं, आता सांगावं. मी म्हटलं, "जाऊ दे, अक्का." तू त्याच्या तोंडातून नळी काढून घेतलीस.

त्यानंतर आपण पुन्हा भांडलो नाही. मी माझ्या गिऱ्हाइकांकडं जाऊन चोरीची सॉफ्टवेअरं काढायला लागलो. सगळी निघाली नाहीत, काही लोकांनी मलाच काढून टाकलं. तुला ते कुठूनसं कळलं आणि तू भाऊबीजेला मला एक वाटी जास्त खीर वाढलीस. एवढंच. तू मला नववीच्या गणितात असंच पास केलं होतंस, उत्तर बरोबर आलं की वही पुढं सरकवायचीस, शाबासकी नाही, काही नाही. मला त्याहून जास्त कधी लागलंही नाही. आज लागतंय. आज तू समोर बसून मला चार शिव्या घालायला हव्या होत्यास.

तू गेलीस त्या दिवशी दाजींनी जिन्याखालचं मशीन बंद केलं. मी परवान्याचा कागद काढून वाचला. कार्डामागची बारीक अक्षरं, या वेळी सगळी. 'हा परवाना धारकाच्या नावावर राहील, दुसऱ्या कोणास देता येणार नाही.' मी विक्रेत्याला फोन लावला. धारक वारली, तिचं काम पुढं चालवायचंय, नाव बदलून द्या म्हटलं. तिकडचा माणूस सभ्य होता. म्हणाला, असा नियमच नाही, नवीन घ्यावा लागेल. आणि आता घ्यायचं तर दोन हजार सालासाठीची आवृत्ती घ्या, ती पुढच्या महिन्यात येईल. रजिस्टर सिव्हिल हॉस्पिटलला द्यावं का, हे दाजींना विचारलं. ते म्हणाले, "तिला विचारायला हवं होतं."

काल दुपारी जमनाबाई आली. तेराव्याला तिला येता आलं नव्हतं. गीता सोबत होती, तिच्या कडेवर दिनेश. दोघी लॅबच्या दारात बसल्या, आत या म्हटलं तरी आत आल्या नाहीत. गीतानं तुझ्या खुर्चीकडं एकदा बघितलं आणि पोराला पाजायला घेतलं. ती दिनेशला घेऊन हौदाकडं गेली तेव्हा मी जमनाबाईला सगळं सांगितलं. टेप, कपाट, ते दहा मिनिटांचं काम. मला वाटलं होतं, ती उठून निघून जाईल किंवा ओरडेल.

ती चपलेचा तुटका पट्टा बोटानं दाबत बसली. मग म्हणाली, "अक्काला सांगितलं होतं?"

"नाही."

"मग मला सांगून काय? मी काय करू त्याचं?"

तिनं पिशवीतून कागद काढला. शाळेच्या वहीचं फाडलेलं पान. कोणाकडून तरी लिहून आणलं होतं. "चार लगनं जमतायत," ती म्हणाली. "आठ नावं आहेत. अक्का नाही, म्हणून काय लोक थांबणार नाहीत."

मी कागद घेतला. परवाना तुझ्या नावाचा आहे आणि तू नाहीस, हे मी तिला सांगणार होतो. सांगितलं नाही. हौदाकडून पाण्याचा आवाज येत होता, गीता पोराचे पाय धूत होती.

मी जिन्याखाली गेलो आणि मशीन चालू केलं. अक्का, हे तुला पटलं असतं का, मला माहीत नाही. तू 'हात काढ' म्हणाली असतीस, की त्या दिवसानंतर म्हणाली नसतीस, हे तू मला कधी सांगितलं नाहीस आणि मीही विचारलं नाही. पंखा फिरायला लागला. पडद्यावर तुझं नाव आलं, परवानाधारक म्हणून. मी तुझ्या टेबलावर बसलो आणि जमनाबाईला आत बोलावलं. या वेळी ती आली, पण खुर्चीवर न बसता माझ्या मागं उभी राहिली.

मी एकेक नाव टाकत गेलो. सहा सापडली. तिघं वाहक, पण त्यांची लग्नं एकमेकांशी जमत नव्हती. दोन मुली यादीत नव्हत्या. "या दोघींचं रक्त घ्यावं लागेल," मी म्हटलं. "सिव्हिलमधल्या लॅबच्या बाईंशी मी बोलतो. घेऊन येशील?"

"कधी?"

"परवा. मी इथं आहे. तोवर जळगावला जात नाही."

जमनाबाईनं कागद घडी करून पोलक्यात खोचला आणि गीताला हाक मारली.